शासकीय प्रकाशनांचा संदर्भप्रभाव आणि त्याचे मापन

देशाच्या शासनाने किंवा शासनाच्या पैशावर चालणाऱ्या संस्थांनी छापलेले अहवाल, वार्षिके, नकाशे, सर्वेक्षणे व जनगणनेचे खंड पुढे किती संशोधकांच्या कामी आले, हे त्या संशोधकांनी दिलेल्या संदर्भांवरून मोजण्याची पद्धत. रोजच्या बोलण्यात याला ‘सायटेशन मोजणे’ म्हणतात. नागपुरात या विषयाला विशेष महत्त्व आहे, कारण देशभर वापरली जाणारी कितीतरी शासकीय प्रकाशने याच शहरातून निघतात. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय खाण ब्युरोचे मुख्यालय सिव्हिल लाइन्समध्ये आहे. नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) १९५८ पासून येथे आहे. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरो आणि केंद्रीय कापूस संशोधन संस्था या दोन्ही १९७६ च्या.

संदर्भ मोजण्याची कल्पना निघाली ती ग्रंथालयाच्या गरजेतून. कॉलेजच्या ग्रंथालयाने कोणती नियतकालिके विकत घ्यावीत हे ठरवण्यासाठी ग्रॉस आणि ग्रॉस यांनी १९२७ मध्ये अमेरिकेतील एका रसायनशास्त्रीय नियतकालिकातले संदर्भ मोजले. शि. रा. रंगनाथन यांनी ग्रंथालयीन मोजमापासाठी १९४८ मध्ये ‘लायब्रामेट्री’ हा शब्द सुचवला. युजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये संदर्भसूचीची, म्हणजे एखाद्या लेखाचा संदर्भ पुढे कोणी कोणी दिला हे दाखवणाऱ्या सूचीची, कल्पना मांडली आणि १९६४ पासून ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ निघू लागला. आजचे वेब ऑफ सायन्स हे त्याचेच पुढचे रूप. संदर्भ मोजण्याची स्कोपस आणि गूगल स्कॉलर ही दुसरी दोन साधने २००४ ची.

या सगळ्या साधनांचा पाया नियतकालिकातला लेख हा आहे, आणि शासकीय अहवालाची अडचण तिथूनच सुरू होते. सूचीत ज्याची स्वतंत्र नोंद आहे त्याच्या खात्यात संदर्भ आपोआप जमा होतात. अहवालाची बहुधा अशी नोंदच नसते. इतरांच्या संदर्भयादीतली एक ओळ एवढेच त्याचे अस्तित्व, आणि ती ओळही ज्याने जशी लिहिली तशी. डीओआय, म्हणजे प्रकाशनाला कायमचा चिकटलेला ओळखक्रमांक, नसल्यामुळे या विखुरलेल्या ओळी एकत्र बांधणारा धागा नसतो. नियतकालिकांचा प्रचलित ‘इम्पॅक्ट फॅक्टर’, म्हणजे दर लेखामागे मिळालेल्या संदर्भांची सरासरी, मागच्या दोन वर्षांतल्या लेखांपुरता असतो. मृदा सर्वेक्षणाला दोन वर्षांची मुदत लावणे म्हणजे पेरणीच्या आठवड्यातच कापूस वेचायला जाणे. अहवाल हळूहळू पोहोचतो आणि मग तीस-तीस वर्षे वापरात राहतो.

मृदा ब्युरोचे ‘ॲग्रो-इकॉलॉजिकल रीजन्स ऑफ इंडिया’ हे प्रकाशन जवळून पाहिले म्हणजे अडचण नेमकी कुठे आहे ते कळते. देशाची २० कृषि-परिस्थितिकीय प्रदेशांत विभागणी करणारे हे काम १९९० मध्ये निघाले आणि १९९२ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली. कोणी ते ‘सेहगल व इतर, १९९२’ असे नोंदवतो. कोणी लेखक गाळून संस्थेचे नाव घालतो. कोणी ते भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या नावावर टाकतो, आणि कोणी फक्त ‘प्रकाशन क्र. २४’ लिहून मोकळा होतो. यंत्राच्या दृष्टीने ही चार वेगळी पुस्तके झाली. त्यात आवृत्तीचे वर्ष मिसळले की आठ. याच कामातून पुढे ६० उपप्रदेश पाडले गेले आणि ते इतके रुळले की प्रबंधात अभ्यासक्षेत्राचे वर्णन करताना ‘उपप्रदेश १०.२’ एवढे लिहिले तरी मार्गदर्शकाला पुरते. संदर्भ दिलाच जात नाही. ज्या कामाचा इतका सर्रास वापर होतो त्याचीच मोजणी कमी भरते, ही या पद्धतीतली सर्वांत मोठी उणीव म्हणावी लागेल. वर्षानुवर्षे शेतात खड्डे खणून मातीचे थर पाहणाऱ्या सर्वेक्षकांचे श्रम त्यामुळे हिशेबाबाहेर राहतात.

खाण ब्युरोच्या बाबतीत नाव हाच घोटाळा. नागपुरात ‘आयबीएम’ (इंडियन ब्युरो ऑफ माइन्स) म्हटले की रिक्षावाल्यालाही खाण ब्युरो कळतो. संदर्भसूचीत मात्र ही तीन अक्षरे अमेरिकेतल्या संगणक कंपनीची ठरतात. ब्युरोचे ‘इंडियन मिनरल्स इयरबुक’ आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या संस्थेचे जुने नियतकालिक ‘इंडियन मिनरल्स’ यांचीही नावात गल्लत होते. वार्षिक ज्या वर्षाचे असते त्यानंतर ते प्रसिद्ध होते, त्यामुळे एकाच अंकाला दोन वर्षे चिकटतात. शिवाय ते तीन भागांत, खनिजवार प्रकरणांत मिळते. मँगनीजवर काम करणारा विद्यार्थी मँगनीजचेच प्रकरण उतरवून घेतो आणि संदर्भही तेवढ्याचाच देतो. अशा वेळी एकेका अंकाचे संदर्भ मोजण्यात फारसा अर्थ नाही. संपूर्ण मालिका हे एकक धरावे, म्हणजे चित्र खरे दिसते.

शासकीय प्रकाशन कशाला म्हणावे, हे मोजणीआधी ठरवावे लागते. खाण ब्युरो थेट खाण मंत्रालयाखाली आहे, तेव्हा तिथे प्रश्न येत नाही. कापूस संस्था व मृदा ब्युरो कृषी अनुसंधान परिषदेच्या संस्था, नीरी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची. या दोन्ही परिषदा कायद्याने नोंदणीकृत सोसायट्या आहेत. फक्त सरकारी खात्यांचेच प्रकाशन शासकीय, अशी काटेकोर व्याख्या लावली तर नागपूरचे निम्मे काम यादीतून जाईल. पैसा आणि जबाबदारी सरकारची असेल तर प्रकाशन शासकीय धरावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मात्र याच संस्थांतल्या शास्त्रज्ञांनी बाहेरच्या नियतकालिकांत लिहिलेले लेख वेगळे ठेवावेत, नाहीतर त्यांचे मोठे आकडे अहवालांचे आकडे झाकून टाकतात.

दुसरी मर्यादा प्रत मिळण्याची. १९५४ चा ग्रंथप्रदान कायदा शासकीय प्रकाशनांनाही लागू आहे, पण केवळ कार्यालयीन वापरासाठी छापलेली पुस्तके त्यातून वगळली आहेत. कायद्याने प्रती जातात त्या कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्ली येथील ग्रंथालयांत. नागपूर त्यांत नाही. संकेतस्थळावरचा अहवाल संकेतस्थळ बदलले की जुन्या दुव्यावर उघडत नाही, आणि जो अहवाल उघडत नाही त्याचा संदर्भ पुढचा संशोधक दुसऱ्याच्या लेखातून उचलतो. श्रेय त्या लेखाला जाते.

म्हणून नागपुरात अशी मोजणी करणाऱ्याने प्रबंधांपासून सुरुवात करावी. २००९ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनंतर प्रबंधांच्या संगणकीय प्रती ‘शोधगंगा’ या ऑनलाइन प्रबंधसंग्रहावर जाऊ लागल्या. १९०६ पासूनचे नागपूरचे कृषी महाविद्यालय मात्र अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाखाली येते आणि कृषी प्रबंधांसाठी कृषिकोश हा वेगळा संग्रह आहे. तो न उघडता कापूस किंवा संत्र्याच्या अहवालांची मोजणी करणे व्यर्थ. संगणकीय प्रतींच्या आधीचे टंकलिखित प्रबंध ग्रंथालयाच्या रॅकवरून काढून शेवटची पाने हाताने चाळावी लागतात. प्रत्येक प्रकाशनाचे सगळे नामभेद एका कार्डावर आधी लिहून घ्यायचे आणि मग शोधायचे, ही रीत कष्टाची असली तरी हिच्याइतकी भरवशाची दुसरी नाही. संदर्भयादीबरोबर तक्त्यांखालची ‘आधार’ ही बारीक ओळही वाचावी. पुष्कळदा जनगणना किंवा खनिजांचे आकडे तिथे असतात आणि यादीत नसतात.

आकडा हाती आल्यावर तो कशाचा आहे हेही सांगितले पाहिजे. २०१२ चा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा आणि २०१५ चा लायडन जाहीरनामा यांनी एकट्या आकड्यावरून संशोधनाची पारख करू नये असे बजावले आहे. धोरणावर, न्यायालयात किंवा खाणपट्ट्याच्या निर्णयावर अहवालाचा जो परिणाम होतो तो या मोजणीत येत नाही.

जुन्या प्रांतिक प्रकाशनांतही नावाची हीच अडचण दिसते. नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांताच्या शासनाच्या आदेशाने रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचे मध्य प्रांतातील जाती-जमातींवरचे चार खंड १९१६ मध्ये लंडनच्या मॅकमिलनने प्रसिद्ध केले. मानववंशशास्त्रात त्यांचा आधार आजही घेतला जातो. खासगी प्रकाशकाचे नाव असल्याने सूचीत ते साधे पुस्तक ठरते, शासनाचा मागमूस राहत नाही. अनेक संदर्भयाद्यांत तर ‘रसेल, १९१६’ एवढेच असते. ज्यांना या मुलखाच्या बोली आणि शिलालेख अवगत होते त्या हिरालालांचे नाव तिथे गळते. मोजणाऱ्याने कार्डावर दोघांची नावे लिहावीत, आणि ‘रसेल’ एवढेच सापडले तरी तो संदर्भ त्याच कार्डावर मांडावा.