वळणाने चढणारी आणि दातांनी चढणारी: माथेरान व निलगिरीच्या रेल्वेतील फरक

मुंबईहून नाशिककडे येणारी गाडी कसाऱ्याला थांबते, मागून बँकर इंजिने लागतात आणि इगतपुरीपर्यंत ती गाडी ढकलत आणतात, हे नाशिककरांना सांगावे लागत नाही. सदतीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर, म्हणजे 1:37, असा या थळ घाटाचा चढ असून देशातील ब्रॉडगेज मार्गांवरच्या सर्वांत तीव्र चढांमध्ये त्याची गणना होते. रोजच्या परिचयातील या घाटामुळे आपली एक समजूत नकळत पक्की होते. ती अशी की मोठ्या रुळांवरच्या गाडीला डोंगर जड जातो, म्हणून तिला जास्तीची इंजिने लागतात; उलट रूळ अरुंद असले की गाडी हलकी होते आणि डोंगर आपोआप चढते. मग माथेरानची गाडी आणि उटीची गाडी या दोन्हींवर ‘टॉय ट्रेन’ असा एकच शिक्का बसतो, आणि एका गाडीची छायाचित्रे दुसरीच्या नावाने सर्रास फिरू लागतात.

प्रत्यक्षात या दोन रेल्वेंमध्ये डोंगर चढण्याची पद्धतच वेगळी आहे. नेरळ–माथेरान मार्गाचे रूळ एकमेकांपासून 610 मिलिमीटर अंतरावर आहेत, म्हणजे तो खरोखरीचा नॅरोगेज आहे. मेट्टुपालयम ते उटी हा निलगिरीचा मार्ग मात्र मीटरगेज आहे. भारतीय रेल्वेच्या व्यवहारात नॅरोगेज म्हणजे 762 किंवा 610 मिलिमीटर, त्यामुळे उटीच्या गाडीला नॅरोगेज म्हणणे आपल्याकडच्या हिशेबाने चूकच ठरते. युरोपात 1435 मिलिमीटरपेक्षा कमी असलेले सगळेच नॅरोगेजमध्ये धरतात आणि परदेशी लेखनातून हा गोंधळ आपल्याकडे येतो, इतकेच.

अरुंद रुळांचा खरा फायदा चढावर नसून वळणावर आहे. रेल्वेची दोन्ही चाके एकाच दांड्यावर पक्की बसवलेली असतात, म्हणून ती एकाच वेगाने फिरतात. वळणावर मात्र बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा लांबचा पल्ला गाठायचा असतो. गाडीने अर्धे वर्तुळ पूर्ण करून तोंड उलट दिशेला फिरवले, तर बाहेरचा रूळ आतल्या रुळापेक्षा ब्रॉडगेजवर सुमारे 5.3 मीटर, मीटरगेजवर 3.1 मीटर आणि माथेरानच्या मार्गावर फक्त 1.9 मीटर जास्त लांब भरतो. हा फरक जितका कमी, तितके आखूड वळण चाकांना घासाघीस न होता पेलते. शिवाय गाडी अरुंद असल्याने डोंगराच्या कुशीत कमी खोदकाम करून मार्ग बसवता येतो, आणि खोदकाम कमी म्हणजे खर्च कमी. नॅरोगेज निवडण्यामागे बहुतेक ठिकाणी हे खर्चाचेच गणित होते.

माथेरानला हेच केलेले आहे. नेरळ समुद्रसपाटीपासून जेमतेम 40 मीटर उंचीवर, तर माथेरान सुमारे 800 मीटरवर. हवाई अंतर अगदी थोडे असले तरी रेल्वे 20 किलोमीटरहून अधिक धावते, कारण तिने डोंगराला वळसे घालून चढ पातळ केलेला आहे. तरीही काही ठिकाणी तो 1:20 पर्यंत जातो. सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा उभा केला, त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी 1904 मध्ये काम सुरू करवले आणि 1907 मध्ये गाडी माथेरानला पोहोचली. वळणे इतकी आखूड की साधे इंजिन त्यांवरून गेलेच नसते. म्हणून ओरेनस्टाइन अँड कोपेल या जर्मन कारखान्याकडून खास इंजिने करून घेण्यात आली. त्यांना चाकांच्या तीन जोड्या होत्या, आणि पहिली व शेवटची जोडी वळणावर डावी-उजवीकडे सरकू शकत असे. या इंजिनांचा आराखडा एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांचा. बार्शी लाइट रेल्वे उभारणारे हेच गृहस्थ, आणि नाशिक रोड ते नाशिक शहर या दरम्यान घोड्यांनी ओढल्या जाणाऱ्या जुन्या ट्रामशीही सल्लागार अभियंता म्हणून त्यांचा संबंध होता. आपल्या ट्रामची फारशी आठवण आता शहरात कोणी काढत नाही, म्हणून हा उल्लेख मुद्दाम केला.

निलगिरीत वळसे घालून भागण्यासारखे नव्हते. कल्लार ते कुन्नूर या सुमारे 20 किलोमीटरच्या टप्प्यात गाडीला जवळजवळ 1,300 मीटर उंची गाठावी लागते आणि तिथला तीव्रतम चढ 1:12 आहे. गुळगुळीत पोलादी चाक गुळगुळीत पोलादी रुळावर केवळ वजनाच्या दाबाने पकड धरते. रूळ कोरडा असेल तर इंजिनाला आपल्या वजनाच्या साधारण चतुर्थांशाइतका जोर लावता येतो. रूळ ओला झाला किंवा त्यावर पाने कुजली की हा वाटा निम्म्यावर येतो. 1:12 च्या चढावर गाडीच्या एकूण वजनाचा बारावा हिस्सा सतत मागे खेचत असतो, त्यामुळे पावसाळी दिवशी इंजिन स्वतःच्याच वजनाइतके डबे ओढताना घसरू लागेल. उतरताना तर परिस्थिती आणखी बिकट होते, कारण ब्रेक लावून चाके थांबतील, पण गाडी थांबेलच याची खात्री नाही.

यावर उपाय म्हणून दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्ट्या बसवल्या आहेत आणि इंजिनाखालचे दातेरी चाक त्यांत अडकून वर सरकते. 1882 मध्ये स्वित्झर्लंडमधील रिगी पर्वतावरच्या दातेरी रेल्वेचे अभियंता रिगनबाख निलगिरीला येऊन पाहणी करून गेले होते, पण पुढे स्वीकारली गेली ती रोमान आब्ट यांची पद्धत. तिची खुबी दोन पट्ट्यांमध्ये आहे. त्या शेजारी-शेजारी असतात, मात्र एकीचा दात जिथे, तिथे दुसरीची खाच येते. त्यामुळे चाकाचा एक दात सुटत असतानाच दुसरा रुतलेला असतो आणि पकड क्षणभरही ढिली पडत नाही. कुन्नूरपर्यंतचा मार्ग 1899 मध्ये आणि उटीपर्यंतचा 1908 मध्ये खुला झाला. विंटरथूर येथे बनलेल्या ‘एक्स’ वर्गातील इंजिनांना चार सिलिंडर असतात. सपाटीवर त्यांतील दोनच नेहमीची चाके फिरवतात. दातेरी टप्पा सुरू झाला की पहिल्या दोहोंतून बाहेर पडलेली वाफ उरलेल्या दोन सिलिंडरांत जाते आणि ते दातेरी चाक फिरवू लागतात.

आता छायाचित्रणाकडे वळू, कारण दोन्ही गाड्या एकाच पद्धतीने टिपण्याचा प्रयत्न करणाऱ्याच्या हाती बहुधा सपाट, निर्जीव चित्रे लागतात. पहिली अडचण चढाची. 1:20 म्हणजे कोनाच्या भाषेत तीन अंशांहूनही कमी. कसाऱ्याच्या घाटाचा चढ तर दीड अंशाच्या आसपासच भरतो. 1:12 म्हणजे पावणेपाच अंश. तीन अंशांचा चढ छायाचित्रात डोळ्याला जवळजवळ जाणवत नाही, त्यात बहुतेक जण डब्याची खालची कड चौकटीला समांतर धरून कॅमेरा नकळत तिरपा करतात आणि उरलासुरला चढही पुसून टाकतात.

म्हणून माथेरानच्या गाडीचे चित्र घेताना चढ दाखवण्याचा हट्ट सोडावा आणि वळण दाखवावे. एका वळणावर उभे राहिले की खाली आपण मघाशी ओलांडलेला रूळ दिसतो. एकाच चौकटीत वरची गाडी आणि तिच्याखालचा मोकळा मार्ग आला की उंचीचा अंदाज पाहणाऱ्याला आपोआप येतो. यासाठी रुंद कोनाची लेन्स लागते. घोड्याच्या नालासारख्या वळणावर तर छोटीशी गाडीसुद्धा वाकून आपले पहिले आणि शेवटचे डबे एकदम दाखवते. नेरळ माथेरानच्या ईशान्येला असल्याने मार्गाचा बराच भाग पूर्वेकडच्या उतारांवर आहे. तिथे सकाळचे ऊन कामाला येते, दुपारनंतर डोंगराची सावली रुळांवर उतरते. वाफेची इंजिने इथून 1980 च्या दशकाच्या सुरुवातीलाच गेली आणि आता गाडी डिझेलवर चालते, त्यामुळे धुराच्या लोटाची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही.

निलगिरीत याच्या अगदी उलट करावे. कॅमेऱ्यातील पातळी दाखवणारी रेष चालू करून तो काटेकोर सरळ धरावा, चौकटीत एखादा खांब किंवा उंच सरळ झाड घ्यावे आणि गाडी बाजूने टिपावी. पावणेपाच अंश मग स्पष्ट दिसतात आणि डबे खरोखर तिरके भासतात. दुसरी गोष्ट इंजिनाची. चढताना ते गाडीच्या मागे, म्हणजे उताराकडच्या टोकाला असते. थळ घाटातले बँकर गाडीमागे असतात त्यातले एक कारण इथेही लागू आहे: डब्यांची जोडणी तुटली तरी डबे मागे घरंगळू नयेत. फरक इतकाच की आपल्याकडे पुढेही इंजिन असते, तिथे नसते. परिणामी वळणावर समोरून गाडीची वाट पाहणाऱ्याला पहिल्या डब्याच्या सज्जावर झेंडी घेऊन उभा असलेला ब्रेकवाला दिसतो आणि वाफ शेवटी येते. कष्ट करणारे इंजिन हवे असेल तर वळणाच्या आतल्या बाजूला, गाडीच्या शेपटाकडे नजर लावून थांबावे लागते. उतरताना इंजिन पुढे असते खरे, पण तेव्हा ते ओढण्याचे नव्हे तर रोखण्याचे काम करत असल्याने वाफेचा तो जोर दिसत नाही.

वेगाची चिंता दोन्हीकडे नाही. दातेरी टप्प्यात गाडी ताशी 13 किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सेकंदाला साडेतीन मीटर चालते. सेकंदाच्या दोनशे पन्नासाव्या भागाइतके शटर पुरेसे होते. काळजी घ्यायची ती प्रकाशमापनाची. काळे इंजिन आणि पांढरी वाफ एकाच चौकटीत आली की कॅमेरा काळ्या रंगावरून प्रकाश ठरवतो आणि वाफ पांढराफटक डाग होऊन बसते. तेव्हा कॅमेऱ्यात एखादा ‘स्टॉप’, म्हणजे निम्म्याने, कमी प्रकाश घ्यावा. सावलीतले बारकावे नंतर वर काढता येतात, पांढऱ्यात हरवलेले येत नाहीत.

जुने, नाव नसलेले छायाचित्र ओळखायचे असेल तर आधी रुळांच्या मध्ये पाहावे. ग्रीसने काळवंडलेल्या दोन दातेरी पट्ट्या दिसल्या तर ती माथेरानची गाडी असूच शकत नाही. मात्र पट्ट्या नाहीत म्हणून उटीची नव्हे, असा उलटा निष्कर्ष काढू नये, कारण कुन्नूरच्या वर दातेरी मार्ग नाहीच. तिथे रुळांच्या मानाने डबा किती बाहेर आला आहे हे पाहावे. माथेरानचा डबा अरुंद रुळांच्या दोन्ही बाजूंना चांगलाच बाहेर आलेला असतो. दार्जिलिंगची गाडीही 610 मिलिमीटरचीच असल्याने केवळ रुळांवरून माथेरान आणि दार्जिलिंग यांत निवाडा करता येत नाही, आणि युनेस्कोच्या यादीत दार्जिलिंग 1999 मध्ये, निलगिरी 2005 मध्ये व कालका–शिमला 2008 मध्ये गेली तरी माथेरान अजून त्या पंक्तीत बसलेली नाही, हेही ध्यानात ठेवलेले बरे.

हंगामाचा हिशेबही वेगळा आहे. पावसाळा लागला की नाशिकचे हौशी छायाचित्रकार इगतपुरी–कसाऱ्याकडे धाव घेतात, आणि त्याच उत्साहात कल्याणहून कर्जत लोकल पकडून नेरळ गाठावेसे वाटते. पण नेरळ ते अमन लॉज हा टप्पा साधारण जूनपासून पावसाळा संपेपर्यंत बंद असतो आणि वर अमन लॉज ते माथेरान एवढीच फेरी चालू राहते. 2005 च्या अतिवृष्टीत या मार्गाची जी वाताहत झाली, ती पाहता हे बंद ठेवणे समजण्यासारखे आहे. निलगिरीच्या या उतारावर मोठा पाऊस येतो तो ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर, आणि दरडींमुळे गाड्या रद्द होतात त्याही याच काळात. दोन्ही गाड्या एकाच हिवाळ्यात टिपायच्या असतील तर जानेवारी-फेब्रुवारी सोयीचे.

परवानगीवाचून रुळांवर उतरणे हा रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली गुन्हा आहे आणि निलगिरीचा खालचा टप्पा हत्तींचा वावर असलेल्या जंगलातून जातो, म्हणून मधल्या स्थानकांचाच आधार घ्यावा. हिलग्रोव्हला इंजिन पाणी घेण्यासाठी थांबते आणि प्रवासी खाली उतरतात. तेवढ्या वेळात फलाटावरून गाडीच्या मागच्या टोकाला जाऊन इंजिन निवांत टिपता येते. हे काम कुन्नूरवर ढकलू नये, कारण तिथे वाफेचे इंजिन सुटते आणि उटीपर्यंतच्या पुढच्या प्रवासाला डिझेल लागते.