संरक्षक स्वप्रतिरक्षा

संरक्षक स्वप्रतिरक्षा : स्वतःच्याच ऊतकांना ओळखणाऱ्या प्रतिरक्षा पेशी जखमी चेतासंस्थेला वाचवतात, ही संकल्पना. ती १९९० च्या दशकाच्या अखेरीस इझ्राएलमधील वाइझमान विज्ञान संस्थेच्या मिखल श्वार्त्स यांनी मांडली. नाव ऐकून अडखळायला होते, कारण स्वप्रतिरक्षा म्हटले की मल्टिपल स्क्लेरोसिससारखे (यात प्रतिरक्षा पेशी स्वतःच्याच चेतातंतूंच्या आवरणावर हल्ला करतात) आजारच आठवतात.

मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्याचा अंतर्भाग येथे प्रतिरक्षा पेशींना काम नाही, असे पूर्वी मानत. ब्रिटिश प्रतिरक्षाशास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी १९४८ मध्ये सशांच्या मेंदूत परकी त्वचा रोपली, तेव्हा शरीराने ती एरवीसारखी झटकून टाकली नव्हती. त्यामुळे चेतासंस्थेच्या जखमेत या पेशी दिसल्या, तर त्यांना आवरावे, असाच कल राहिला.

श्वार्त्स यांनी प्रयोगांसाठी बहुधा दृक्‌चेता (डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी चेता) निवडली. दृष्टिपटल हा मेंदूचाच पुढे आलेला भाग असून त्यातील गुच्छिका पेशींचे तंतू मिळून ही चेता बनते. ती चिमट्याने चेपली की काही तंतू तत्काळ निकामी होतात. पण पहिल्या फटक्यातून वाचलेले तंतूही पुढच्या दिवसांत मरत जातात. मरणाऱ्या पेशींतून सांडणारे ग्लुटामेट (चेतापेशींमधील संदेशवाहक रसायन) शेजारच्या पेशींना भोवते. १९९९ च्या प्रयोगात अशी चेता चेपलेल्या उंदरांना मायलिनमधील (चेतातंतूंवरील आवरणातील) प्रथिन ओळखणाऱ्या टी-पेशी (प्रतिरक्षा पेशींचा एक प्रकार) टोचल्या. एरवी निरोगी उंदराला याच पेशींनी लकवा येऊ शकतो. इथे मात्र बरेच जास्त तंतू शाबूत राहिले. अंड्याच्या पांढऱ्या भागातील प्रथिन ओळखणाऱ्या टी-पेशीही जखमेत जमतात, पण त्यांनी काहीच वाचवले नाही. हा तुलनेचा गटच या प्रयोगाचा कणा आहे.

पुढे २०११ मध्ये, ग्लुटामेटने इजा केलेल्या उंदरांच्या दृष्टिपटलात रक्तातून येणारे मॅक्रोफेज (भक्षक प्रतिरक्षा पेशी) दाह शमवून पेशी जगवतात, असे याच गटाला आढळले.

कल्पना सर्वांनी मान्य केली नाही. अमेरिकेतील ओहायोच्या संशोधकांना २००४ मध्ये नेमके उलट दिसले : मायलिनविरुद्ध लस किंवा टी-पेशी दिल्यावर मज्जारज्जूची इजा चिघळली. माणसांवरील चाचणीत रुग्णाच्या रक्तातील मॅक्रोफेज पेशी त्याच्याच त्वचेच्या तुकड्यासोबत वाढवून, अपघातानंतर १४ दिवसांच्या आत मज्जारज्जूत टोचल्या जात. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत त्याचा फायदा दिसला नाही.