खांबावरची पेटी: पुस्तकांची आणि चित्रांची

अमेरिकेतल्या निवासी गल्ल्यांमध्ये फुटपाथला लागून खांबावर बसवलेल्या लहान लाकडी पेट्या दिसतात. उतरतं छप्पर, पारदर्शक दार, कुलूप नाही. बहुतेकींत पुस्तकं असतात. ती ‘लिटल फ्री लायब्ररी’. काहींत तळहातावर मावतील अशी चित्रं आणि शिल्पं असतात. ती ‘फ्री लिटल आर्ट गॅलरी’. लांबून दोन्ही इतक्या सारख्या दिसतात की अनेकजण पुस्तकपेटीतली एक फळी काढतात, तिथे चित्रं लावतात आणि काम झालं असं समजतात. दोन-तीन महिन्यांत कागद वाकतात, रंग उडतात आणि लोक चित्रं आणून ठेवायचं बंद करतात.

पुस्तकपेटी आधीची. विस्कॉन्सिन राज्यातल्या हडसन गावात टॉड बोल यांनी २००९ मध्ये शिक्षिका असलेल्या आपल्या आईच्या स्मरणार्थ एकखोली शाळेसारखी दिसणारी पेटी अंगणात उभी केली. पुढे या कल्पनेतून संस्था उभी राहिली. तिच्याकडे नोंदणी केली की पेटीला क्रमांकाची पाटी मिळते. चित्रपेटीची लाट सिअ‍ॅटल शहरातून पसरली. कोविडमध्ये कलादालनं बंद असताना, डिसेंबर २०२० मध्ये, स्टेसी मिलरॅनी या चित्रकर्तीने क्वीन अ‍ॅन भागात आपल्या घरासमोर अशी पेटी लावली. आत पांढऱ्या भिंती, चिमुकले ईझल (चित्र ठेवायचे लाकडी स्टँड) आणि चित्रं बघत उभी असलेली इवलीशी माणसं. नियम साधा: चित्र घ्या, ठेवा, किंवा नुसतं बघून जा.

त्या ‘नुसतं बघून जा’मध्येच सगळा फरक आहे. पुस्तकपेटीचं काम साठवण्याचं. दार उघडायचं, कणे वाचायचे, पुस्तक घेऊन निघायचं. चित्रपेटीचं काम दाखवण्याचं. तिथे रिकामी भिंतसुद्धा लागते, प्रकाश लागतो, आणि चित्राच्या मापाला शोभेल असं दालन लागतं.

पुस्तकपेटीची बांधणी वजनावर ठरते. दोन फळ्या भरल्या की वीस किलो सहज होतात, म्हणून १८ मिमीचा मरीन प्लाय (पाण्यात टिकणारं प्लायवूड), मोठ्या आकाराच्या बालपुस्तकांसाठी सुमारे ३० सेंमी खोली, आणि खांब किमान दोन फूट जमिनीत. चित्रपेटीत वजन जवळपास नसतंच. १२ मिमीचा प्लाय चालतो, खोली २० ते २५ सेंमी पुरते. रुंदी मात्र ५० सेंमीच्या खाली नको, नाहीतर चार चित्रांतच दाटी होते. भिंतींना मॅट पांढरा किंवा फिकट राखाडी रंग द्या. चकचकीत ऑइलपेंट लावला तर दारातून आलेलं ऊन आतच चमकतं आणि चित्र दिसत नाही.

आता प्रमाण. बाहुलीघरांचं १:१२ हे माप, म्हणजे प्रत्यक्षातले बारा सेंमी तिथे एक, इथे सोयीचं आहे. त्यात उभा माणूस साधारण १४ सेंमीचा होतो. मोठ्या दालनांत चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे १४५ सेंमीवर ठेवतात. तो इथे १२ सेंमीवर येतो. या एका रेषेवर सगळी चित्रं लावली की पेटी खरोखर दालन वाटू लागते. चित्राची मोठी बाजू १० सेंमीपेक्षा जास्त नसावी, हे पाटीवर ठळक लिहा. ६४ × ८९ मिमी हे माप सर्वांत सोपं. ते ‘आर्टिस्ट ट्रेडिंग कार्ड’चं, म्हणजे चित्रकारांनी समोरासमोर अदलाबदल करायच्या खेळातल्या पत्त्याएवढ्या चित्रांचं माप आहे.

चित्र टांगण्यात बहुतेकजण चुकतात. ब्लू टॅक (कागद भिंतीला चिकटवायची मऊ पुट्टी) उन्हात मऊ होतो आणि कागदावर तेलकट डाग सोडतो. लहान चुंबकं देखणी, पण पेटी मुलांच्या हाताच्या उंचीवर असते आणि गिळलेली दोन चुंबकं आतड्याला चिमटा घेऊन जिवावर बेततात. त्यापेक्षा भिंतीवर दीड सेंमी रुंदीची लाकडी पट्टी ठोका, तिला ३-४ मिमीची खाच पाडा. चित्र खाचेत उभं राहतं आणि कुणालाही न फाडता उचलता येतं.

ओलावा दोन्ही पेट्यांचा शत्रू, पण पुस्तकाची पानं एकमेकांना दाबून धरतात; सुटा कागद एका बाजूने ओल पितो आणि वळतो. दिवसा तापलेली बंद पेटी रात्री थंड झाली की दाराच्या आतून दव साचतं. म्हणून पूर्ण हवाबंद पेटी करू नका. तळाला आणि छपराच्या पुढे आलेल्या भागाखाली १० मिमीची प्रत्येकी तीन-चार भोकं पाडून बारीक जाळी लावा. हवा खालून वर फिरते. अशा पेटीत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकणं व्यर्थ, त्या लगेच ओलीने भरून जातात. दार शक्यतो उत्तरेकडे असावं. स्केचपेन आणि हायलायटरचे रंग थेट उन्हात काही आठवड्यांतच उडतात; अ‍ॅक्रिलिक आणि पिगमेंटची, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांची शाई टिकते. तैलरंगाचं ताजं चित्र घेऊच नका, ते वरून सुकलेलं दिसलं तरी आतून ओलं असतं.

राखणीतही फरक आहे. पुस्तकपेटीत न खपणारी पुस्तकं तुंबतात, ती महिन्यातून एकदा उपसली की झालं. चित्रपेटी मात्र एका रात्रीत रिकामी होऊ शकते आणि रिकामी भिंत बघून कुणी चित्र ठेवत नाही. पहिल्या दिवशी दहा-बारा चित्रं लावा, तेवढीच डब्यात राखून ठेवा. डब्यात अ‍ॅक्रिलिकची चित्रं एकमेकांना चिकटतात, मध्ये बटर पेपर घाला. आठवड्यातून दोनदा फेरी मारा, पत्रकं आणि खेळणी काढा, नव्या चित्राचा फोटो काढून ठेवा. चित्रामागे नाव, माध्यम, तारीख आणि वरची बाजू दाखवणारा बाण असावा. चित्र घेणाऱ्याच्या मालकीचं ठरतं, पण त्याच्या प्रती छापण्याचा हक्क भारतीय कायद्यानुसार चित्रकाराकडेच राहतो. पाटीवर ही ओळ जरूर हवी.

कोकणात किंवा मुंबईत अशी पेटी लावायची असेल तर जून ते सप्टेंबर ती बाहेर ठेवू नका. भोकं आणि छप्पर कितीही नीट असलं तरी पावसाळी हवेत कागदाला बुरशी येतेच. खांबाला पेटी बोल्टने जोडा, म्हणजे ती उतरवून सोसायटीच्या जिन्याखाली किंवा वाचनालयाच्या व्हरांड्यात, भिंतीपासून दोन बोटं सोडून टांगता येईल.