कागदावरची चमक गेली का?

सांगलीत पावसाळ्यात कुणी कुणाला भेटलं की पहिला प्रश्न असतो, 'आयर्विनला किती?' म्हणजे आयर्विन पुलाजवळ पाणी किती फूट. कृष्णेची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ ला धोका. २०१९ मध्ये ती ५७ च्याही वर गेली होती, त्यामुळे हा प्रश्न आता कुणी गमतीनं विचारत नाही. आमच्या रविवारच्या चित्रकलेच्या वर्गात मात्र १९२९ च्या या पुलाकडे बघताना आकडा विसरायचा असतो. कमान किती रुंद, तिच्या पोटातली सावली किती गडद, पाण्यात पडलेली कमान वरच्या कमानीपेक्षा गडद की फिकी, एवढंच बघायचं.

मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर या वर्गात नाव घातलं. शिकवणारे सर माझेच जुने विद्यार्थी. उष्णतेचा धडा चालू असताना ते वहीच्या मागच्या पानावर बैल काढत बसायचे, हे मला आठवतं आणि त्यांनाही. वर्गात मी त्यांना सर म्हणते, ते मला बाई. बाकी मंडळींत चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसणाऱ्या दोन मुली, मार्केट यार्डातले हळदीचे एक अडते आणि बँकेतून निवृत्त झालेले एक काका.

पहिला महिना नुसती पेन्सिल. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पेन्सिलीत शिसं नसतं, ग्राफाइट असतं. त्याचे थर एकमेकांवरून घसरतात आणि कागदाच्या खरखरीत अडकून बसतात. इंग्लंडशी युद्ध पेटल्यामुळे फ्रान्सला तिकडचं उत्तम ग्राफाइट मिळेना, तेव्हा निकोला-जाक काँते यानं ग्राफाइटच्या भुकटीत माती कालवून ती भाजली. १७९५ ची ही युक्ती. माती जास्त तर पेन्सिल कडक, कमी तर मऊ. एचबी, टूबी, सिक्सबी हा सगळा त्या मातीचाच हिशेब.

खरी परीक्षा जलरंग हातात आले, म्हणजे पाणी आलं, तेव्हा सुरू झाली.

माझं पहिलं आकाश असं बिघडलं. कागदावर निळ्याचा सपाट वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा एकसारखा थर, दिला, छान उतरला. डाव्या कोपऱ्यात रंग थोडा जास्त वाटला म्हणून ब्रश धुतला आणि पाण्यानं भरलेला तसाच तिथं टेकवला. दोन मिनिटांत त्या जागी पांढुरका डाग पसरला आणि त्याच्या कडेनं दातेरी गडद रेघ उमटली. फ्लॉवरचा गड्डा उभा चिरल्यावर जसा दिसतो, अगदी तसा. सर लांबूनच म्हणाले, "बाई, चमक गेल्यावर हात लावलात."

चमक म्हणजे काय, हे मला त्या दिवशी घरी जाताना रिक्षात सुचलं. वॉश ताजा असतो तेव्हा कागदावर पाण्याचा सलग पापुद्रा असतो. त्याचा वरचा पृष्ठभाग आरशासारखा सपाट, म्हणून खिडकीचा उजेड त्यावरून एकाच दिशेनं परततो आणि कागद चकाकतो. पाणी उडून आणि मुरून कमी झालं की तो पापुद्रा धाग्यांच्या खाचांत उतरतो, कागदाचा खडबडीतपणा वर येतो, उजेड चहूकडे विखुरतो. चमक जाते ती या क्षणी. कागद मात्र वाळलेला नसतो. हाताची पाठ टेकवून बघा, गार लागतो. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते आणि ती कागदाकडून, हाताकडून, मिळेल तिथून ओढली जाते. (हाच तो बैल काढण्याचा धडा. सरांना हे मी सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "तेव्हा चित्रातून शिकवलं असतंत तर?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.)

चमक आहे तोवर पाण्यात रंगाचे कण मोकळे फिरत असतात. आणखी रंग सोडला तर तोही मिसळून जातो. कागद पूर्ण वाळला की कण डिंकानं चिकटलेले असतात, वरून दुसरा थर खुशाल द्या. अडचणीचा काळ या दोन्हींच्या मधला. तेव्हा पाणी धाग्यांच्या जाळीत केशाकर्षणानं (दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं) धरलेलं असतं आणि कण अर्धवट बसलेले असतात. अशा वेळी भरलेला ब्रश टेकवला की नवं पाणी ओल्याकडून कमी ओल्याकडे धावतं आणि न चिकटलेले कण पुढे ढकलत नेतं. जिथं त्याचा जोर संपतो तिथं ते कण टाकून देतं. माझा फ्लॉवर तो हाच. त्यातली दातेरी कड म्हणजे पाणी कुठंवर पोचलं त्याचा नकाशा. पूर ओसरल्यावर भिंतीवर राहिलेली चिखलाची रेघ ज्यांनी बघितली आहे, त्यांना हे वेगळं समजवायला नको.

याहून नवल वाटलं ते साध्या ठिपक्याचं. कोरड्या कागदावर रंगाचा एक थेंब ठेवा आणि वाळू द्या. मध्ये फिका, कडेला गडद कंगोरा. कण थेंबात सगळीकडे सारखेच होते, मग कडेला कुणी नेले? चहाचा थेंब फरशीवर वाळला की त्यालाही असंच कडं येतं, आणि हे आपण आयुष्यभर पुसत आलो. याचं नीट उत्तर १९९७ मध्ये रॉबर्ट डीगन आणि त्यांच्या शिकागो विद्यापीठातल्या सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये दिलं. थेंबाची कड खाली घट्ट अडकलेली असते, ती आत सरकू शकत नाही. कडेला थर पातळ आणि हवा भरपूर, म्हणून तिथलं पाणी सर्वांत वेगानं उडतं. ती तूट भरून काढायला थेंबाच्या पोटातून कडेकडे सतत पाणी वाहत राहतं आणि जाताना कण घेऊन जातं. पाणी उडतं, कण कडेला साठतात. त्याच वर्षी अमेरिकेत संगणकावर जलरंगाची हुबेहूब नक्कल करणारा एक शोधनिबंध आला. त्यातही हा गडद काठ आणि माझा फ्लॉवर हे दोन्ही गणितानं काढून दाखवले होते. म्हणजे जे घालवायला आम्ही दर रविवारी धडपडतो, ते नसेल तर चित्र जलरंगातलं वाटतच नाही. पुढे २०११ मध्ये आणखी एक गंमत कळली. कण गोल असण्याऐवजी लांबट असले, तर पाण्याच्या पृष्ठभागावर ते एकमेकांत अडकून बसतात आणि कडं होतच नाही.

चित्रकारांनी यातलं काही न वाचता उपाय कधीच शोधून ठेवलेत. पाट थोडा तिरपा ठेवायचा. वॉशच्या खालच्या काठाला रंगाचा ओघळ साठतो, तो वाळू न देता पुढच्या फटकाऱ्यानं खाली ओढत न्यायचा. कड सतत ओली असली की तिला अडकायला वेळच मिळत नाही. आणि अगदी शेवटी उरलेलं पाणी पिळलेल्या ब्रशानं टिपून घ्यायचं. सर हे अर्ध्या मिनिटात करतात. मला तीन महिने लागले आणि अजूनही खालचा कोपरा दगा देतो.

यात सांगलीची हवाही भागीदार आहे. एप्रिलात हवा कोरडी, ऊन मरणाचं, रंग पॅलेटमध्येच घट्ट होतो आणि चमक मिनिटभरही टिकत नाही. तेव्हा सर आधी कागद दोन्ही बाजूंनी भिजवायला लावतात. श्रावणात उलट. हवेत आधीच वाफ इतकी असते की कागदातलं पाणी बाहेर पडायला नाखूश. दोन तासांच्या वर्गात दुसरा थर वाळत नाही, मग पंख्याखाली कागद धरून आम्ही रांगेत उभे, प्रसादाच्या रांगेसारखे. पुस्तकात 'पाच मिनिटं थांबा' असं लिहिलेलं असतं, ते कुठल्या गावाची पाच मिनिटं हे कुणी लिहीत नाही.

कागदाचंही सांगायला हवं. बँकेच्या काकांनी एकदा जुन्या लेजरची कोरी पानं आणली, फुकट म्हणून. आम्हाला वाटलं, रंग फुटणार. पण तो शहाण्यासारखा जागेवर राहिला. कारण लिहायच्या कागदाला शाई फुटू नये म्हणून खळ दिलेली असते. ती नसेल तर कागद म्हणजे नुसता टिपकागद. जलरंगाच्या चांगल्या कागदालाही अशीच खळ असते, बहुधा जिलेटिनची. ती पाण्याला लगेच आत शिरू देत नाही, थोडा वेळ वर थोपवून धरते, आणि त्या थोड्या वेळातच चित्र होतं. काकांचा कागद हरला तो दुसऱ्या कारणानं. ओल लागली की धागे लांबीत फारसे वाढत नाहीत, जाडीत मात्र फुगतात. पातळ कागदाला हे सोसत नाही, त्याचा पापड झाला. खळग्यांत रंग साचला आणि पूल खड्ड्यातून गेला. म्हणून चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा जाड कागद घ्यायचा आणि चारी बाजूंनी टेप लावायची. महाग पडतो, पण इथं काटकसर करून उपयोग नाही.

रंगपेटीत मला सर्वांत आवडतो तो अल्ट्रामरीन. कधीकाळी तो अफगाणिस्तानातल्या लाजवर्द या दगडापासून काढत आणि सोन्याच्या तोलानं विकत. १८२८ मध्ये ज्याँ-बातिस्त गिमे या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला तो कृत्रिम तऱ्हेनं बनवल्याबद्दल बक्षीस मिळालं आणि तो इतका स्वस्त झाला की पुढे लोकांनी कपड्यांना नीळ म्हणून घातला. आपल्या आयांनी धोतरं शुभ्र दिसावीत म्हणून पाण्यात कालवलेली ती निळी पूड हीच. हा रंग खडबडीत कागदावर दाणेदार दिसतो. त्याचे कण मोठे, ते खाचांत जाऊन बसतात आणि उंचवटे फिके राहतात. प्रशियन निळ्याचे कण फारच बारीक, ते धाग्यांत शिरून डाग पाडतात आणि पुसून निघत नाहीत. पावसाळी आभाळाला अल्ट्रामरीनचा दाणेदारपणा जितका शोभतो, तितकं दुसरं काही नाही, असं माझं मत. मुलींना प्रशियन आवडतो. त्यांचं वय आहे.

जलरंगात पांढरा रंग जवळजवळ वापरत नाहीत, हे पोस्टर कलरवर हात बसलेल्या मुलींना पचायला जड गेलं. पोस्टर कलरमध्ये उजेड वरच्या थरावरूनच परततो. जलरंगाचा थर पातळ. उजेड त्यातून आरपार जातो, कागदावर आपटतो आणि पुन्हा त्याच थरातून बाहेर येतो. रंगाच्या काचेमागे दिवा लावावा तसा कागद मागून उजळतो. म्हणून पांढरं हवं तिथं रंग लावायचाच नाही. सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम हळदणकरांचं, हाताआड दिवा धरून उभ्या असलेल्या तरुणीचं म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातलं प्रसिद्ध चित्र जलरंगातलं आहे. अनेकांना ते तैलरंगातलं वाटतं. चित्रकाराला अशा दिव्याभोवतीचा उजेड आधीच ठरवून, हात आखडून, राखून ठेवावा लागतो. मागाहून घालता येत नाही.

आणि ओला रंग वाळल्यावर फिका पडतो, हे दुखणं प्रत्येक नवख्याचं. पहिल्या पावसात रानातली माती काळीभोर होते आणि ऊन पडलं की राखाडी, त्यातलंच हे. कण आणि धागे पाण्यात बुडालेले असतात तेव्हा उजेडाला त्यांच्यात आणि पाण्यात फारसा फरक जाणवत नाही, तो आत खोल जातो आणि शोषला जातो. पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे उजेड त्यात शिरताना किती वळतो त्याचं माप, १.३३, कागदाच्या धाग्यांचा सुमारे १.५. पाण्याच्या जागी १ अपवर्तनांकाची हवा आली की तफावत वाढते, उजेड वरच्यावरच विखुरतो आणि त्यात पांढरेपणा मिसळतो. तेव्हा रंग ओला असताना थोडा जास्तच भडक वाटला पाहिजे. 'थोडा' म्हणजे किती, हे मात्र हातालाच कळतं.

अडतेकाकांनी एका रविवारी यार्डातून हळदीची पूड आणली. सांगलीत पिवळा विकत का घ्यायचा, हा त्यांचा सवाल. आम्ही बाभळीचा डिंक भिजवून त्यात ती घोटली. जलरंगाची ट्यूब तरी वेगळं काय असते? रंगाची पूड, बाभळीच्याच कुळातल्या झाडाचा डिंक आणि ओल धरायला मध किंवा ग्लिसरीन. पिवळा झकास निघाला. एका मुलीनं त्यात चिमूटभर धुण्याचा सोडा टाकला तर तो तांबडा झाला. सोड्यासारख्या अल्कात हळदीतलं पिवळं रंगद्रव्य, कर्क्युमिन, लाल होतं, हळदीला चुना लावून कुंकू करतात ते यामुळेच. शेजारी गेरूची एक पट्टी काढली, दोन्ही पट्ट्या अर्ध्या काळ्या कागदानं झाकल्या आणि खिडकीत उन्हात लावून ठेवल्या. गेरू म्हणजे लोहाचं ऑक्साइड, एक प्रकारे गंजच. त्याचं व्हायचं ते हजारो वर्षांपूर्वीच होऊन गेलंय, ऊन त्याला आणखी काय करणार? हळदीचं कर्क्युमिन मात्र सेंद्रिय रेणू. प्रकाशानं तो मोडतो. शर्टावरचा वरणाचा डाग उन्हात टाकला की जातो, हे प्रत्येक घरात माहीत असतं. ब्रिटनमध्ये रसेल आणि ॲबनी यांनी जलरंगांवर असेच प्रयोग करून १८८८ मध्ये अहवाल दिला, तेव्हा उन्हात न टिकणाऱ्या रंगांची यादी बघून चित्रसंग्राहक हादरले होते.

तीन आठवड्यांनी काळा कागद काढला. गेरू जसाच्या तसा. हळदीचा झाकलेला भाग पिवळाधमक आणि उघडा भाग जवळजवळ कोऱ्या कागदासारखा. अडतेकाका बराच वेळ ती पट्टी हातात धरून उभे होते. मग म्हणाले, "हरिपूरच्या पेवात वर्षानुवर्षं हळद पडून असायची, रंग हलायचा नाही. जमिनीखाली, अंधारात. आम्हाला वाटायचं, मातीचा गुण."