बॅटरी बदलली की गाडी काय विसरते?

गाडीची बॅटरी बदलायला गेलं की काही गॅरेजमध्ये सांगतात, "आता कॉम्प्युटरचं प्रोग्रॅमिंगही करावं लागेल." बहुतेक गाड्यांना त्याची गरज नसते. इंजिन चालवणारा मूळ प्रोग्रॅम 'ईसीयू'च्या, म्हणजे इंजिनावर नियंत्रण ठेवणाऱ्या कॉम्प्युटरच्या, फ्लॅश मेमरीत असतो आणि तो टिकून राहायला विजेची गरजच नसते.

हे जमतं कसं? फ्लॅश मेमरीच्या प्रत्येक कप्प्यात एक सूक्ष्म वाहक थर असतो आणि त्याला सगळीकडून विद्युतरोधकाचं वेष्टण असतं. माहिती लिहिताना जास्त व्होल्टेज देऊन इलेक्ट्रॉन त्या रोधकातून आत घातले जातात. वीज गेली तरी त्यांना बाहेर पडायला वाट नसते. ते वर्षानुवर्षं तिथेच राहतात. तोशिबा कंपनीतले फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली ही मेमरी जगापुढे मांडली. किल्ली ओळखणाऱ्या इमोबिलायझरचा संकेतही अशाच कायमस्वरूपी मेमरीत असतो, म्हणून बॅटरी काढल्यावर गाडी आपली किल्ली विसरत नाही.

मग काय विसरते? घड्याळाची वेळ, रेडिओची स्टेशनं, काही गाड्यांत एका स्पर्शात वर जाणाऱ्या काचेची मर्यादा. आणि अनेक गाड्यांत याहून महत्त्वाचं काहीतरी: अनुभव. पेट्रोलचा एक भाग पुरता जळायला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलं की हे प्रमाण खाली येतं, कारण इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर पाहून ईसीयू इंधन किंचित कमी-जास्त करत राहतो आणि ती दुरुस्ती लक्षात ठेवतो. थ्रॉटलवर, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेवर, काजळी साचली की आयडलिंग (गाडी उभी असताना इंजिन चालू राहणं) टिकवण्यासाठी ती झडप किती जास्त उघडायची, तेही तो शिकलेला असतो. ही शिकवण पुसली गेली तर बॅटरी बदलल्यावर सिग्नलला गाडी थरथरते, कधी बंदही पडते. इंजिन बिघडलेलं नसतं. ते गरम होईपर्यंत आयडलिंगला ठेवावं, थोडा वेळ एसी लावावा, मग शहरात आणि मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवावी. ईसीयू सहसा पुन्हा शिकतो. काही मॉडेलांत मात्र थ्रॉटलची ही उजळणी स्कॅनरने, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या उपकरणाने, करून घ्यावी लागते.

खरा अपवाद वेगळाच आहे. बीएमडब्ल्यू, ऑडी यांच्या अनेक गाड्यांत आणि स्टार्ट-स्टॉप (गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद-चालू करणारी सोय) असलेल्या काही गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर एक छोटा सेन्सर असतो. बॅटरीत किती करंट आला, किती गेला, तिचं व्होल्टेज आणि तापमान किती, याचा तो हिशेब ठेवतो. बॅटरी जुनी होते तशी तिची साठवणक्षमता घटते, अंतर्गत रोध वाढतो, आणि त्यानुसार गाडी चार्जिंगची पद्धत बदलते. नवी बॅटरी बसवली आणि गाडीला कळवलंच नाही, तर ती नव्या बॅटरीलाही म्हातारीच समजून चार्ज करत राहू शकते. एजीएम प्रकारच्या बॅटरीला हे विशेष बाधतं. तिच्यात आम्ल काचतंतूंच्या जाळीत शोषलेलं असतं. अति चार्जिंगने पाणी उडालं तर ते वरून भरता येत नाही.

अशा गाड्यांत स्कॅनर लावून नव्या बॅटरीची नोंद करतात आणि अँपिअर-अवर (बॅटरीची साठवणक्षमता) किंवा प्रकार बदलला असेल तर तोही भरतात. काम काही मिनिटांचं असतं आणि ईसीयूचा प्रोग्रॅम त्यात बदलत नाही. त्यासाठी पूर्ण प्रोग्रॅमिंगचे पैसे मागितले तर नेमकं काय करणार, हे नि:संकोच विचारावं. काही गाड्यांना ही नोंदही लागत नाही. काही तास उभ्या राहिल्या की त्या बॅटरीची स्थिती स्वतःच ताडतात. आपली गाडी कोणत्या प्रकारात मोडते, ते मालकाच्या पुस्तिकेत किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर कळतं.

बॅटरीचा प्रकार मात्र या नोंदीने बदलत नाही. मुळात एजीएम असलेल्या स्टार्ट-स्टॉप गाडीत स्वस्तातली साधी बॅटरी बसवली, तर दर सिग्नलला इंजिन बंद-चालू होण्याचा ताण तिला सोसत नाही आणि ती लवकर संपते.