पायात रिंग म्हणजे जीपीएस नव्हे

दर हिवाळ्यात ग्रुपवर हे येतंच. मुंबईत भांडुप पंपिंगला (पंपिंग स्टेशनजवळची पक्षी बघायची जागा) काढलेला फोटो, चिखलात छोटासा पक्षी, पायात रंगीत पट्टी आणि खाली कॅप्शन, "जीपीएस बसवलेला पक्षी!!" अहो तो प्लास्टिकचा फ्लॅग आहे, त्यात ना बॅटरी ना चिप.

जीपीएस टॅग सगळ्यांना माहितीय, पेपरात फोटो येतात. बहुतेकदा पाठीवर असतो, सोलरवर चालतो आणि लोकेशन स्वतःच पाठवतो, सॅटेलाइटवरून नाहीतर मोबाइल नेटवर्कवरून (रेंज गेली की साठवतो, आली की पाठवतो). 2022 ला बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) ठाणे खाडीत सहा फ्लेमिंगोंना टॅग लावले, त्यातला हुमायूं नावाचा गुजरातला गेला ते इथे बसून कळलं.

रिंग मात्र मुकी. तिच्यावर नंबर आणि कुणाला कळवायचं ते, बस. पक्षी सायबेरियात पोचला की वाटेत मेला, रिंग लावणाऱ्याला काहीच कळत नाही, कुणीतरी नंबर वाचून कळवेपर्यंत. आणि घोळ नेमका इथेच होतो. लोकांना वाटतं रिंग आहे म्हणजे सायंटिस्ट लोकांना सगळं दिसतंय, आपण कशाला मधे पडा, मग फोटोला लाइक शेकडो आणि मेल एकही नाही. मंगोलियात पट्टकादंबांच्या (बार-हेडेड गूज) गळ्यात कॉलर घालतात, त्यांवरचे नंबर कर्नाटकातल्या तळ्यांवर इथल्या बर्डर लोकांनी वाचून कळवले म्हणून ही पाखरं हिवाळ्यात कुठे असतात हे तिकडे समजलं. देशोदेशीच्या संस्था मिळून काम करतात म्हणजे बरंचसं हेच, एकाने घालायची, दुसऱ्याने वाचायची.

मग सगळ्यांनाच टॅग का नाही? एक तर महाग, आणि वजन. टॅग पक्ष्याच्या वजनाच्या साधारण 3 टक्क्यांच्या आत ठेवतात. लिटल स्टिंट हा चिखलातला छोटा पक्षी भरतो जेमतेम 25 ग्रॅम, म्हणजे पाऊण ग्रॅममध्ये सगळं बसवा! मला विचाराल तर मी रिंगच्याच बाजूचा, स्वस्त आणि हजारोंना लावता येते. फक्त धातूच्या रिंगवरचे बारीक आकडे लांबून वाचता येत नाहीत, म्हणून सोबत रंगीत फ्लॅग.

आणि हो, रिंगवालं पाखरू म्हणजे "चिनी हेर" हा फॉरवर्ड तर डोक्यातच जातो. 2023 ला चेंबूरकडे पीर पाऊ जेट्टीवर सापडलेल्या कबुतराच्या पायात रिंगा दिसल्या, पंखांवर काहीतरी लिहिलेलं, झालं, हेरगिरीचा संशय. बिचारं आठ महिने परळच्या जनावरांच्या हॉस्पिटलात अडकलं, निघालं तैवानचं रेसिंगचं कबुतर.

तर रिंग दिसली की फ्लॅगचे रंग बघा, दोन असतील तर वर कुठला खाली कुठला (उलटं लिहिलंत तर पक्षी दुसऱ्याच देशाचा होतो), पाय डावा की उजवा, कोड, तारीख, जागा, आणि फोटो क्रॉप न करता बीएनएचएसला मेल करा. कोड वाचायला म्हणून चिखलात उतरून थवा उडवू नका, अजिबात नाही. कोड अर्धाच दिसला तरी चालेल, तेवढाच पाठवा.