सरकारी जाहिरात आणि सरकारी अनुदान: वृत्तपत्राला धाक कशाचा?

वृत्तपत्राने सरकारचा पैसा घेतला म्हणजे ते मिंधे झाले, असे आपण सरसकट म्हणतो. पण हा पैसा दोन वाटांनी येतो. जाहिरात ही खरेदी आहे: निविदा, नोटिसा, लसीकरणाची माहिती छापण्यासाठी सरकार जागा विकत घेते. अनुदान ही मदत आहे. तिच्या बदल्यात सरकारला जागा मिळत नाही.

म्हणून जाहिरात हा रोखठोक व्यवहार वाटतो आणि अनुदान हे उपकार. माझ्या मते धोका बहुतेकदा जाहिरातीतच जास्त असतो, कारण ती कोणाला द्यायची हे अनेकदा एखादा मंत्री किंवा अधिकारी आपल्या मर्जीने ठरवतो.

अर्जेंटिनातल्या 'रिओ नेग्रो' दैनिकाने २००२च्या अखेरीस नेउकेन प्रांतातल्या लाचखोरीच्या आरोपाची बातमी छापली. त्यात गव्हर्नरकडे बोट जात होते. त्यानंतर प्रांत सरकारच्या जाहिराती आटल्या. अंकावर बंदी घालावी लागली नाही, छापखान्याला टाळे ठोकावे लागले नाही. दैनिक न्यायालयात गेले. सप्टेंबर २००७मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सरकारी जाहिरात हा कोणाचा हक्क नाही, पण ती मनमानीने वाटता किंवा तोडताही येणार नाही. वाटपाची योजना ३० दिवसांत सादर करा, असा आदेशही प्रांताला दिला. पण निकाल लागेपर्यंत जवळजवळ पाच वर्षे गेली होती. एखादे छोटे साप्ताहिक एवढा काळ तग धरू शकेल?

याउलट नॉर्वे १९६९पासून वृत्तपत्रांना अनुदान देते. रक्कम खप आणि बाजारातले स्थान यांच्या सूत्राने ठरते. डाव्या विचारांचे 'क्लासेकाम्पेन' आणि ख्रिस्ती परंपरावादी 'दागेन' ही दोन्ही दैनिके त्यात बसतात. अग्रलेख कोणाच्या बाजूने आहे, हे सूत्र विचारत नाही.

अर्थात अनुदानही सोवळे नाही. एकूण तरतूद दरवर्षी अर्थसंकल्पातच ठरते, आणि वृत्तपत्र म्हणायचे कशाला, ही व्याख्याही नियम करणाऱ्याच्या हाती राहते. कॅनडाने २०१९मध्ये वृत्तसंस्थांना पत्रकारांच्या पगारखर्चावर २५ टक्के करसवलत जाहीर केली, तेव्हा पात्र कोण यावरूनच वाद पेटला.

एखाद्या दैनिकावर असा दबाव आहे का, हे पाहायचे असेल तर सरकारला झोंबलेल्या बातमीच्या आधीचे आणि नंतरचे वर्ष घ्यावे, आणि दोन्ही वर्षांतल्या जाहिरातींची रक्कम खपाच्या आकड्याशेजारी मांडावी. खप तेवढाच आणि रक्कम अर्ध्यावर आली असेल, तर कारण सरकारनेच लेखी द्यायला हवे.